वांग्याच्या कट्ट्यातलं यंत्र

ता. ६, सोमवार
सर्वेवाली पोरगी आली. कॉलेजात शिकते म्हणे. काडेपेटीएवढं यंत्र गळ्यात अडकवून दिलं. माणूस दिवसभर कुठं कुठं जातो ते त्यात उमटतं. आठ दिवस ठेवायचं. विचारलं, "बाई, याले डोळा कुठी हाये?" म्हणाली, "डोळा नाही आबा, हे वरून आभाळातून ठिकाण घेते." विहिरीत उतरलो तर? विचारायचं राहिलं.
बायको म्हणाली, "आमच्या यायचं काय पाह्यता? वावर, बाजार न घर." सही केली. करायला नको होती.

ता. ७, मंगळवार
जीपनं शेलूबाजार. हर्रासात भाव पुकारला, वांगी गेली. मग सुमीच्या शिलाईच्या दुकानासमोर, चहाच्या टपरीवर. रोजचंच. तीन वर्षांपूर्वी सुमीनं, माझ्या पोरीनं, स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा सोयऱ्यांसमोर बोललो, तिचा उंबरा चढणार नाही. चढलो नाही. समोर बसणार नाही असं कुठं बोललो होतो? मशीनचा आवाज टपरीपर्यंत येतो. ती मान वर करत नाही.
छातीवर यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सगळं उमटत असेल. घरी कळलं तर? सोयऱ्यांना...

ता. ९, गुरुवार
युक्ती केली. हर्रासात माझा नंबर लांब होता. यंत्र वांग्याच्या कट्ट्यात घालून पोत्याचं तोंड बांधलं, म्हटलं ते बाजारातच राहील, तोवर टपरीवर जाऊन येऊ. आलो तर कट्टा नाही. विकला गेला! व्यापारी मंगरूळपीरला निघून गेला. अडत्या म्हणे, "कावून घाबरले आबा? कट्ट्यात सोनं ठुलं होतं काय?"
जेवण गेलं नाही.

ता. ११, शनिवार
सर्वेवाली पोरगी यंत्र घेऊन आली. व्यापाऱ्याच्या बायकोला वांगी निवडताना सापडलं, मागे फोन नंबर होता. मोबाइलवर नकाशा दाखवला. लाल रेघ आमच्या गावातून निघून थेट मंगरूळपीरला, दर्ग्यामागच्या गल्लीत मुक्काम.
बायको म्हणाली, "मंगरूळले झोपले होते? मंग माह्या घरी कोन घोरून राह्यलं होतं?"
पोरगी हसली. मग नकाशावर बोट ठेवलं. "आन हे काय हाये आबा? मंगळवारी, बुधवारी, इथी पाऊण तास." तिथं रेघ नव्हती, जाड ठिपका होता. चष्मा लावून पाहिला. नुसतं बसल्यानं एवढा जाड होतो?
सांगावं लागलं. टपरीवर असतो म्हणून.
बायकोला अक्षर येत नाही. तरी ठिपक्याकडं पाहत म्हणाली, "निळ्या दाराच्या समोरची टपरी." सुमीच्या दुकानाचं दार निळंच आहे. हिनं कधी पाहिलं?

ता. १३, सोमवार
यंत्र परत गळ्यात, आज त्याचा शेवटचा दिवस. सकाळी बायकोनं डबा हातात दिला. भरली वांगी. "तुमची बोली राहू द्या. उंबरा नोका चढू. बाहीरून आवाज द्या तिले."
टपरीवरच लिहितोय. डबा मांडीवर, अजून कोमट आहे. मधे रस्ता. वीस-एक पावलं असतील. एवढीशी रेघ नकाशात दिसते का? सर्वेवाल्या पोरीला विचारायला हवं.
मशीन थांबली. सुमी दारात चिंध्या झटकायला आली. झटकून झाल्या तरी आत गेली नाही. इकडंच पाहते आहे.
चहावाला म्हणतो, "बसा ना आबा, च्या होऊन राह्यला."
वही मिटतो, डबा उचलतो.