तुटलेल्या दाराची किंमत

प्रिय ताई,

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालंय, चालवून घे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितोय. तो कसा मोडला हे तुझ्या शेजारणीने सांगितलंच असेल. भावोजींचे तीन दात पडले, नाकाचं हाड मोडलं, हेही. मला जराही वाईट वाटत नाही. त्यांनी गयावया केली म्हणून मी थांबलो नाही, मुठीतलं हाड कडकन वाजलं म्हणून थांबलो.

मी आकडेमोड करतो, एवढंच तू लोकांना सांगतेस. बँक हजारभर गृहकर्जांचा गठ्ठा बांधून त्यावर रोखे विकते; त्यातली किती कर्जं बुडतील हे मांडून मी रोख्यांचा भाव काढतो. तुझं कर्जही त्यात आहे, ओळ चारशे बारा. अर्ज मीच भरला होता, त्यामुळे खातं लगेच ओळखलं. दर महिन्याला आधी तीच ओळ बघायचो. हप्ता चुकला की ओळ लाल होते; तुझा वेळेवर, म्हणजे ताई मजेत. फोन करायचं राहून जायचं.

गेल्या वर्षी घरांची पाहणी करणाऱ्याचा तुझ्या ओळीवर शेरा आला: झोपायच्या खोलीचं दार बाहेरून फोडलेलं, आतली कडी उचकटलेली. लहानपणी बाबांचा पट्टा निघाला की तू मला आत कोंडायचीस आणि बाहेर दाराला पाठ लावून मार खायचीस. हे सगळं आठवत असूनही मी दुरुस्तीपोटी घराची किंमत अर्धा टक्का कमी धरली आणि पुढची ओळ घेतली. त्या गठ्ठ्याला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. साहेबांनी पाठ थोपटली.

परवा दवाखान्यात, भावोजींनी मोडलेला जबडा तारेने बांधलेला, तू कागदावर लिहिलंस की परत जावंच लागेल, हप्ता तुझ्या खात्यातून जातो, त्यावर दुसरीकडचं भाडं झेपणार नाही, आणि हप्ता चुकला तर घर जाईल. तिथून मी तडक तुझ्या घरी गेलो. दार अजून तसंच होतं. त्याच चौकटीवर त्यांचं तोंड आपटलं, परत परत, मग मुठीने मारत राहिलो. अजून त्यांना अहो-जाहो करतोय बघ, सवय जात नाही.

पण त्याने तू सुटली नाहीस. ते बरे होतील, आणि तू घरात असलीस तर माझ्या वाटणीचंही तुझ्यावरच काढतील. सोमवारी मला कोर्टात हजर व्हायचंय, बहुतेक आत जाईन. नोकरी गेलीच आहे. म्हणून लिहितोय. पगार दुसऱ्या खात्यात घे आणि पाच तारखेचा हप्ता बुडव. घर जाऊ दे. माझ्या खोलीची किल्ली पाकिटात आहे. दाराला आतून कडी आहे, नवी, जाड. ओळ चारशे बारा आता दुसरा कोणी बघेल. त्याला ती लाल दिसू दे.

तुझाच,
दाराआड सुखरूप राहिलेला धाकटा