शपथ सुटली म्हण

आई, बोट धक्क्यावरून निघाली तेव्हापासून माझं बूड काही एका जागी टिकलेलं नाही. आत गार हवेत खुर्च्या आहेत, चहा मिळतो, पण मी आपली थोड्या थोड्या वेळानं उठून मागं ठेवलेली पिशवी बघून येते. नेणार कोण ती? अंदमानातल्या एका बेटाकडे चाललेली फेरी ही, चहूकडं पाणी, चोर पळणार तरी कुठं? पण जीव आपला खाली-वर. पिशवीत पाण्याखाली जायचं सामान आहे. डोळ्यांवर चढवायची काच, पायात घालायचे रबरी पंख, हवेचं जाकीट आणि तोंडात धरून श्वास घ्यायची नळी. हवेची टाकी तेवढी बेटावर मिळणार. मघाशी एकानं त्या पिशवीवर जेवणाचा डबा ठेवला, तर मी अशी खेकसले की बिचारा डबा उचलून पार पुढं जाऊन बसला. मला हे सगळं शिकवणारी पोरगी सोबत आहे, माझ्या धाकटीच्या वयाची. ती हसली. "काकू, बसा ना जरा. पाणी काही पळून जात नाही." तिला काय सांगणार? आपल्या तिसगावाकडचं पाणी पळून गेलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय.

पोरगी गुणाची आहे, पण तिनं मला तंबी दिलीय. पुण्यात तलावात शिकताना माझी एक खोड काही केल्या जाईना. पाण्याखाली गेलं की मी श्वास कोंडून धरते. टाकी पाठीवर, नळी तोंडात, हवा हवी तेवढी, आणि मी आपली गाल फुगवून बसलेली! "घेत राहा, सोडत राहा, धरायचा नाही," हे ती सांगून सांगून दमली. खोलातून श्वास धरून वर आलं तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. सगळा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढला, मला एवढं कळत नाही होय? कळतं. पण पाणी कानांवर आलं की मला तिचं ऐकूच येत नाही, तुझंच येतं. "श्वास धर गं! डोळं उगडं ठिव!" आज समुद्रात पुन्हा तसं केलं तर ती मला तिथल्या तिथं वर आणणार आणि परत उतरू देणार नाही. या वयात मी दुसऱ्यांदा इथवर येईन, असं मला तरी वाटत नाही.

तू गोदाकाठची. म्हशींच्या पाठीवरून नदीत उड्या मारत वाढलेली. लग्न होऊन आलीस ती आमच्या रखरखीत मुलखात, जिथं बायांना विहीर दोनच गोष्टींसाठी ठाऊक, पाणी शेंदायला आणि जीव द्यायला. बहात्तरच्या आधीची गोष्ट, मी सात-आठ वर्षांची असेन. धाकटी चुलती नवी नवरी होती आणि तिच्या हातून माहेरचा तांब्याचा हंडा विहिरीत गेला. भर दुपार, माणसं भाकरी खायला लिंबाखाली बसलेली. चुलती रडून रडून बेजार, आता सासू काय म्हणेल. तू इकडं-तिकडं बघितलंस, पदर खोचलास, काष्टा आवळलास आणि म्हणालीस, "गप ए, रडू नगं. आलेच." आणि थेट उडी.

पलीकडच्या बांधावरून ते कुणीतरी बघितलं. बाईमाणूस विहिरीत उडी टाकतं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणी कुणाला विचारत नाही. "आरं धावा! थोरल्या सूनबाईनं जीव दिला!" अशी आरोळी उठली आणि सगळी आळी पळत आली. चुलतीला हुंदक्यांतून बोलता येईना, आणि तिच्या रडण्यानं लोकांची खात्रीच पटली. आबा आले ते बायको गेली असंच धरून, अनवाणी, हातात अर्धी भाकरी तशीच. आणि तेवढ्यात तू वर आलीस, काखेत हंडा, केस तोंडावर, आणि बघतेस तर काठावर गोल करून डोकीच डोकी. "हंडा पडला हुता," तू म्हणालीस. कुणीतरी फिस्सकन हसलं. आबा हसले नाहीत. ते मातीत बसले आणि ढसाढसा रडले. त्यांच्या बहिणीला त्याच विहिरीतून खाटेवर घालून वर काढलं होतं, हे मला तू फार पुढं सांगितलंस. तेव्हा मला एवढंच दिसलं की ते उठले, माझं बखोट धरून मला ओढलं, तुझा ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "घे लेकीची शपथ. पुन्ना पान्यात पाय घालनार न्हाई." तुझ्या हाताचं पाणी माझ्या कपाळावरून नाकावर ओघळत होतं. तू माझ्याकडं बघितलंस. "न्हाई घालनार," म्हणालीस.

पण तू काय गप्प बसणारी? शपथ तुला होती, मला थोडीच होती! थोड्या दिवसांनी तू माझ्या कमरेला वाळका भोपळा बांधलास, छातीभोवती दोर आवळलास आणि मला विहिरीत सोडलंस. स्वतः बसलीस कोरड्या पायरीवर, पाय पोटाशी घेऊन. "बेडकावानी मार पाय! आगं, मानूस हाईस का धोंडा?" मी पाय झाडले की पाणी उसळून तुझ्या पायरीवर यायचं आणि तू लगबगीनं एक पायरी वर सरकायचीस. पुढं तू खडे टाकायला लागलीस आणि मी तळाशी जाऊन ते आणायला लागले. श्वास धरायला मी तिथं शिकले. भोपळा आबांनीच आणून दिला होता, हेही सांगून टाकते. परसात ठेवला आणि शेताकडं निघून गेले.

मग दुष्काळ पडला आणि विहिरीचा तळ उघडा पडला. गाळ काढणारी माणसं खडीच्या कामावर गेलेली असताना एका दुपारी तू खाली उतरलीस, मी तुझ्या मागं. मला अजून दिसतं. तू भेगाळल्या गाळात उभी आहेस, वर आभाळाचा वाटोळा तुकडा. पायानं एक दगड चाचपतेस. "हितं हुता बग हंडा." मी घाबरून म्हणते, "आई, शपथ!" तू केवढ्यांदा हसतेस. "पानीच न्हाई तर मोडती कुटं?" आणि हात पसरून हवेत पोहायला लागतेस, दोन हात मारतेस, चार मारतेस. मग मटकन खाली बसतेस. "लई न्यारं असतं गं तळाला," तू म्हणतेस. "वरचं कुनाचं काय बी ऐकू येत न्हाई." तुझे डोळे भरलेले असतात आणि मला वाटतं, तुला तहान लागलीय.

आबा गेल्यावर मी तुला अलिबागला समुद्र दाखवायला नेलं. मला वाटलं, आता तरी. लाट आली की तू लुगडं धरून मागं, लाट गेली की दोन पावलं पुढं. मी म्हटलं, "अगं आता कोण बघतंय?" तू म्हणालीस, "घालनारा गेला, आता सोडनार कोन? आन् डोकं तुजं हाय." माझी सटकलीच. म्हटलं, मी नर्स आहे, शपथेनं कुणी मरत नसतं. तू शांतपणे वाळूत बसलीस. "नसंल मरत. पन मी कशाला करून बघू?" आम्ही पोरं शपथ घालायचो तेव्हा घालणाऱ्याच्या मागं लागायचो, सुटली म्हण, सुटली म्हण. त्यानं म्हटलं की मोकळं. आबांच्या मागं कुणी लागलंच नाही, तूसुद्धा नाहीस. तू गेलीस तेव्हा तुझे पाय पुसताना मला हीच एक गोष्ट आठवत होती.

बेट दिसायला लागलंय. पोरगी म्हणते, काकू, पिशवी घ्या. मी उठले, पुन्हा बसले. ज्यानं घातली तो नाही, जिला घातली ती नाही, उरलंय ते नुसतं डोकं. मग डोक्यानंच म्हटलं तर काय बिघडलं? मघाशी कठड्याशी जाऊन हळूच 'सुटली' म्हणून बघितलं. आणि काय गंमत, श्वास धरून ते म्हणताच येत नाही, सोडावाच लागतो. खाली गेल्यावर मनातल्या मनात तेच घोकीन म्हणते. पोरीला यातलं काही सांगितलं नाही, आणि हा कागद ओला व्हायच्या आत पिशवीच्या कप्प्यात जाणार आहे.

पण खरं सांगू? म्हणताना जीभ अडखळली. एवढी शिकलेली बाई मी, पण बाळंतपणात, दवाखान्यात, कुठंही घाबरले की डोक्यावर तुझा ओला हात आहे असं वाटायचं. शपथ सोडली तर तोही जाईल, म्हणून आजवर म्हटलं नाही. आता म्हणते. सुटली गं आई, सुटली. ये, उतर पाण्यात. हात मात्र काढू नकोस.