आईच्या वाटचा गुडघा

२ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

मोठ्या इस्पितळाच्या शिवणखात्यात मला मुख्य म्हणून घेतलंय. पस्तीस मशिनी, राहायला खोली! पंधरा तारखेला हजर व्हायचंय. शहर लांब, म्हणून विनंती: आईला सहा महिने तुझ्याकडे ने. धर्मगुरू झाल्यापासून चार खोल्यांत एकटा राहतोस, तूच लिहिलं होतंस.

तिचा फार त्रास नाही. दिवसातून तीनदा चर्चची घंटा झाली, की देवदूताच्या प्रार्थनेसाठी तिचं डोकं उशीवरून उचलून धरायचं. ‘शब्द देह झाला’ म्हणताना गुडघा टेकायचा असतो, पण तिला अंथरुणातून उठवत नाही. म्हणून मी आधी माझा टेकते, मग तिच्या वाटचा. विसरले तर डोळे वटारते.

लोभ आहेच, तो आईच्या खाटेपर्यंत पोचू दे.

धाकटी

९ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सध्या जमणार नाही. बिशपसाहेब यायचे आहेत, घरभर पाहुणे असतील. पण त्या प्रार्थनेचं मूळ तुला ठाऊक आहे का? जुन्या मठांत संध्याकाळी घंटा होई, लोक तीनदा ‘नमो मरिये’ म्हणत. सकाळची घंटा नंतर आली, दुपारची सगळ्यात शेवटी. तेव्हापासून माणसं हातातलं काम टाकून, देवपुत्राची आई व्हायला मरियेने दिलेला होकार आठवतात: ‘मी प्रभूची दासी, तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो.’ तूही तसंच मनापासून होय म्हण. नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतील!

आईला नमस्कार. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,

दादा

२० सप्टेंबर

ती. दादास नमस्कार.

ती जागा दुसऱ्या बाईला दिली. तुझ्या छप्पन्नातल्या पंचावन्न उरल्या.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. एवढा शिकलास, आणि प्रार्थनेचं पहिलंच वाक्य विसरलास, ‘प्रभूच्या दूताने मरियेला निरोप दिला’? देवानेसुद्धा आधी दूत पाठवला. पोरीने शंका काढली, दूताने उत्तर दिलं, मग तिचा होकार आला. मला कोणी विचारलं? बाबांना पुरून तू धर्मगुरूचं शिक्षण पुरं करायला परत गेलास आणि मी इथे राहिले, एवढंच झालं.

पत्र आईलाही वाचून दाखवलं. तिला नोकरीचं माहीतच नव्हतं. आधी का बोलली नाहीस, असं तिने विचारलं. दादाचं उत्तर येऊ दे म्हणून थांबले होते, असं मी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

दुपारी घंटा झाली. मी माझा गुडघा टेकला. तिच्या वाटचा टेकायला वाकले, तर तिने माझी बाही घट्ट धरली आणि नको म्हणून मान हलवली.

तेव्हापासून मी एकदाच टेकते. तिच्या वाटचे रोज तीन राहतात. आशीर्वाद पुरे झाले, पाहुणे गेले की येऊन ते टेकून जा.

धाकटी