रस्ता पॉइंटपर्यंतच आला

आई, गेल्या महिन्यात आपल्या डोंगरावर डांबर आलं. खालच्या गावापासून करवंदीच्या जाळ्या तोडत थेट पॉइंटपर्यंत. तिथं रेलिंग बसवलं, बाकडी टाकली, पर्यटकांना कणसं भाजून देणारे आले. पॉइंटच्या पुढं आपली वाडी. तिला अजून पायवाटच आहे.

तू ग्रामसभेत बोललीस ते मला आठवतं. मी तुझा पदर धरून बसलेली. पुढं खुर्च्यांवर सगळे पुरुष, आणि तू मागून उठून म्हणतेस, "आमच्या वाडीला रस्ता न्हाई. आजारी मानूस खाली न्यायचा कसा?" सरपंच चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मावशी, तुमच्या वाडीची मतं किती? आमाला सगळ्या गावाचं बगावं लागतं." त्या वर्षी गावाच्या वेशीवर कमान झाली. पुढच्या भातलावणीत तुला साप चावला. घोंगडीच्या झोळीतून तुला खाली नेत होते आणि तू झोळी धरणाऱ्यांनाच सांगत होतीस, "हळू चला रं, पाय घसरंल." अर्ध्या वाटेत तुझं बोलणं थांबलं.

आता मी पंचायतीची सदस्य आहे. जागा राखीव झाली म्हणून निवडून आले. वाटलं होतं, आत गेलं की काम होईल. पहिल्याच बैठकीत रस्त्याचा विषय मांडला. बाकीचे सगळे खालच्या गावचे. माणसं वाईट नाहीत गं. पण ज्याचे मतदार जिथं, तिथंच त्याचं गटार, त्याचे दिवे. हात एकटा माझाच वर झाला. नंतर शेजारचा सदस्य हळूच म्हणाला, "ताई, तुमचं खरं हाय. पन पैसा तुमच्याकडं वळवला, तर माझी आळी मला परत निवडून देईल का?" पॉइंटचा निधी तर पर्यटनासाठी वरूनच आला. आम्हाला कुणी विचारलंच नाही. मी इंजिनियरला म्हटलं, जरा पुढं न्या. तो म्हणाला, "मंजुरी इथपर्यंतच आहे, मॅडम."

पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार नाही. घरी सांगितलंय, धावपळ झेपत नाही. ते खरं नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. वाडीतली एक गरोदर पोर सारखी येते, विचारते, "ताई, रस्ता कवा व्हनार?" परवा ती चढ उतरून येताना दिसली, आणि मी आतून कडी लावून घेतली.