लबड्यांची नाकं

खंडाळा, पौष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप दत्तोबा आबांच्या पायांशी पुतण्या महिपती लबडे याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. आपला गुडघा थंडीत फार कुरकुरत नसावा. (आई म्हणते, निरगुडीचा पाला शेकून बांधा.) गेल्या महिन्यात कार्ल्यात जो गोंधळ झाला, तो सोमाटण्याला पोचेपर्यंत भलताच फुगला असणार, म्हणून खरी हकिकत मीच कळवतो.

मी खंडाळ्यात साहेबलोकांना मराठी शिकवतो, हे आपणांस ठाऊक आहे. (हा काय धंदा झाला, असं आपण म्हणता, तेही मला ठाऊक आहे.) यंदा एका बंगल्यात मिस टर्नर नावाच्या वयस्क मडम उतरल्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी "लबडे" म्हणालो मात्र, बाई खुर्चीतून उठल्याच! त्यांच्या आईचं माहेर लाबादी. मूळचे फ्रान्स देशचे, ह्यूगनॉट पंथाचे लोक. राजाचा पंथ वेगळा, यांचा वेगळा. राजानं छळ मांडला तसे घरंदारं टाकून परागंदा झाले. बरेचसे विलायतेत रुजले, पण एक भाऊ पूर्वेकडच्या गलबतावर चढला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. बाईंच्या मते तो मावळात येऊन लाबादीचा लबडे झाला. मी परोपरीनं सांगितलं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारी माणसं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून घडलंच नाही का?" (यावर उत्तर आपल्याला सुचलं तर कळवावं.)

रविवारी टांगा करून आपल्या गावी, कार्ल्यास गेलो. बाईंना लबड्यांची नाकं बघायची होती. लाबादींचं नाक म्हणे पोपटाच्या चोचीसारखं. टांगा दिसताच गावात आवई उठली की देवीची लस टोचायला मडम आली. निम्मे लबडे पेंढ्याच्या गंजीमागे दडले, उरलेले बाह्या सारून रांगेत उभे. चुलतभाऊ बजरंगानं तर म्हैसच पुढं आणली. बाईंनी एकेक नाक समोरून, बाजूनं, उन्हात वळवून पाहिलं (म्हशीचं सोडून) आणि एकही चोच सापडेना तशा आमच्या ओट्यावर येऊन टेकल्या.

आईनं विचारलं, "कुणाला हुडकतीया रं ही?" मी सगळं सांगितलं. "हिचं सोताचं कुणी न्हाई व्हय?" मी बाईंना विचारलं. एक भाऊ होता, तो जर्मन लढाईत गेला. आता कुणी नाही.

आई आत गेली, तांदळाची भाकरी नि दूध घेऊन आली. "तिला सांग, तुजा मानूस आमच्यात न्हाई. पर आला असता तर उपाशी धाडला नसता. जेव आता."

मी तसंच सांगितलं. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडून दुधात बुडवला. मग माझ्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "नाक नाही. घर आहे." (व्याकरण मी सुधारलं नाही.) तेव्हापासून दर रविवारी त्या कार्ल्यास जातात. दोघींना एकमेकींचं निम्मंही कळत नाही आणि दिवसभर बोलणं संपत नाही.

काकूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
महिपती

ता. क. — माघात आमच्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं लग्न. मडमबाईंना बोलवावं, असं आईच्या मनात आहे. परधर्माची बाई पंगतीला कशी, असं भावकीत कुणी म्हणण्याआधी आपण होकार द्यावा. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. — आईनं बोलावणं परवाच देऊन टाकलं. तिला बहीण नाही, तेव्हा नवरीची मावशी म्हणून बाईच उभ्या राहणार. लुगडं नेसायला शिकताहेत. काल दोनदा पडल्या, पण हट्ट सोडत नाहीत. आपला होकार सवडीनं धाडला तरी चालेल.