दहा फेऱ्यांचं शून्य

३ मार्च
– आणि तो मास्तर म्हणे अजून शिकवतोच आहे! आई फोनवर कौतुकाने सांगते. माझ्यापाशी त्याचं नाव काढू नको, किती वेळा सांगितलं! नववीत विज्ञानाच्या तासाला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. धापा टाकत जागेवर आलो, तर अख्ख्या वर्गाला म्हणतो, "बघा रे! पळाला चिक्कार, विस्थापन शून्य. निघाला तिथेच परत. याचं आयुष्यभर असंच होणार." वर्ग खो-खो हसला. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेचं तोंड पाहिलं नाही.

४ मार्च
आता मोज म्हणावं! घरापासून अठराशे किलोमीटर, सरळ पूर्वेला. सहा वर्षं झाली, एकदाही परत गेलो नाही. गेलो की शून्य – त्याचंच खरं! आई विचारते, "कधी येतोस?" मी म्हणतो, सुट्टी नाही. सुट्टी आहे. बावीस दिवस साठलीय.

११ मार्च
शिव्या खाल्ल्या. कारखान्यात मशीन हलवली – भिंतीच्या कडेने चार मीटर, मग काटकोनात वळून खिडकीकडे तीन. हवेची नळी जुन्या जागेवरून नव्या जागेपर्यंत वरून सरळ ताणायची होती. मिस्त्रीकाकांनी विचारलं, "किती सरकली?" म्हटलं, सात. सात मीटर कापली. लागली पाचच, दोन मीटर लोंबत राहिली!

"अरे शहाण्या, मशीन कशी फिरत आली हे नळीला काय करायचंय? निघाली कुठून, पोचली कुठे, कोणत्या बाजूला – तेवढं बोल!"

हुबेहूब मास्तर. म्हणजे धडा खरा होता. मग फळ्यावर काढायचा ना! माझे पाय कशाला?

१२ मार्च
तरी मास्तराला माफी नाही.

२ मे
आईचा फोन. मास्तराला अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितलंय, अंगणात रोज दहा फेऱ्या. दहा! मी फिदीफिदी हसलो.

"हसतोस काय मेल्या? भिंत धरून चालतात, तिसऱ्या फेरीला खाली बसतात. परवा मला विचारत होते – तो पळणारा कुठे असतो हल्ली?"

फोन ठेवल्यावर हसू येईना.

५ मे
तिकीट काढलं. समोर उभा राहून मोजणार. एकही सोडणार नाही. दहावी फेरी झाली की म्हणणार, "सर, विस्थापन शून्य!" त्या दिवशी माझंही शून्य. होऊ दे. मी पोचेपर्यंत त्यांनी निदान पाचपर्यंत यायला हवं. वॉकरसाठी आईकडे आजच पाठवतोय – दोन हजार आठशे रुपये.