पंख्याची डबी की बिनपंख्याची

१८ एप्रिल
आज पुन्हा बंद. बाबांचा पेपर अग्रलेखाच्या मधोमध अडकला. कॅमेऱ्याखाली पान ठेवायचं, बटण दाबायचं, छोट्या कॉम्प्युटरनं वाचून दाखवायचं, एवढंच तर काम. पण फरीदाबादचं ऊन खिडकीतून आत आलं की तो तापतो, तोतरा बोलतो, मग गप्प. किटबरोबर आलेली प्लास्टिकची डबी पारदर्शक, देखणी आणि चहूबाजूंनी बंद. हवा जायची कुठून? ज्यानं केली त्याला मे महिन्यात आत बसवायला हवं.
बाबा : "काहून थांबलं वं हे?"
"तापलंय."
"मग गोळी दे त्याला."
जेवताना मात्र : "डोळे गेले ते गेले. वाचनही नसेल तर दिवसभर इथं काय करू? चंद्रपूरला सोड मला." काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेला माणूस तिथे एकटा? गॅस, जिना, रस्ता. म्हटलं, आठवड्यात दुसरी डबी बघते. कशाला मुदत घातली कोण जाणे.

२१ एप्रिल
ऑफिसमध्ये लंचला मोबाइलवर डब्याच बघितल्या. पंख्याची, बिनपंख्याची, दोन पंख्यांची, रंगीत दिव्यांची (हिची आम्हाला काय गरज). प्रत्येक परीक्षक छातीठोकपणे सांगतो, थंड राहते. खाली बारीक अक्षरात : खोलीचं तापमान एकवीस. आमच्याकडे एकवीस जानेवारीत असतं.
रात्री नितीन : "यार, एक पंखेवाली घे, खतम. तू तर स्थळ बघितल्यासारखं करतेयस." याचं स्थळ बघताना मी इतकं बघितलं नव्हतं, हे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

२३ एप्रिल
ऑ.तून परस्पर नेहरू प्लेस. दुकानदार : "मॅडम, फॅनवाली ले जाओ, सब यही ले जाते हैं."
"और धूल?"
"धूल तो मॅडम पूरी दिल्ली में है."
हे काही खोडता येईना. घेतली.

२८ एप्रिल
थंड राहतं, कबूल. पण डासासारखी सतत घूं घूं, आणि कॉम्प्युटरमधल्या वाचणारीचा आवाज त्यात बुडतो. बाबा स्पीकरला कान लावून वाकून ऐकतात. मान दुखते म्हणाले नाहीत, चोळताना मीच पाहिलं. एक फायदा : घूं घूंवरून त्यांचा हात बरोबर बटणावर जातो.
समोर जुनी इमारत पाडतायत. पात्यांवर आत्ताच राखाडी थर.

४ मे
पंखा अडकला. अर्थातच धूळ. टूथब्रशनं साफ केला, दोन पानं चालला, पुन्हा अडकला. बाबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले.
बिनपंख्याची ॲल्युमिनियमची मागवली. सगळी डबीच उष्णता बाहेर टाकते म्हणे.

७ मे
टाकते. बाबा बटण चाचपडत होते, आता घूं घूं नाही, दोन बोटं भाजली. आगीतून फुफाट्यात. मी ऑ.त. संध्याकाळी बोटांना टूथपेस्ट दिसली तेव्हा कळलं. म्हणाले, तव्याचा चटका बसला. तवा मूठ तुटल्यामुळे कालपासून माळ्यावर आहे.
मी ओरडले. म्हाताऱ्या, आंधळ्या बापावर. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकं वाचलं त्या डब्यांबद्दल, आणि यांना हात लावूनच सगळं शोधावं लागतं, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये?

९ मे
नितीननं अन्नावर झाकायची गोल जाळी आणून डबीवर उपडी घातली. "ट्राय तर कर." बटण वायरीनं बाहेर काढून टेबलाच्या कडेला चिकटवलं. हवा जाते, हात जात नाही, आवाज नाही.
बाबांनी जाळी चाचपली. "मांजर पाळलं का घरात?"
इतके दिवस माझं संशोधन, आणि उत्तर ओट्यावर. नितीनच्या विजयी चेहऱ्याकडे आज बघवत नाही.

१४ मे
बाहेर लू, भाजून काढणारा वारा. मी सुटी टाकून घरी, खास पहारा द्यायला. पूर्ण पेपर, निधनवार्तांसकट, मग पुरवणी, कुठेही अडखळलं नाही. बाबा खूश. मीही, खरं तर जास्तच. संध्याकाळी बुद्धवंदना झाल्यावर म्हणाले, "आता झकास चालून राहिलं. हे सगळं बांधून दे."
"कशाला?"
"चंद्रपूरला नेतो. वाचायची सोय झाली नं. तिकीट काढ."
महिनाभर राबले ते यांनी इथे राहावं म्हणून. हात दाखवून अवलक्षण.

१५ मे
म्हटलं, चंद्रपूरचं ऊन इथल्यापेक्षा कडक, डबी टिकणार नाही.
"मी टिकलो नं तिथं."
म्हटलं, तुमची गोष्ट वेगळी.
"पोरी, तू डबीची काळजी करून राहिली का माझी?"
भाजी लागेल म्हणून उठले. भाजी झाकून ठेवलेली होती. गॅस बंद.

१७ मे
नितीन : "जाऊ दे ना त्यांना. महिनाभर बघू." याला बोलायला काय जातं. त्याचे आईबाबा मागच्या गल्लीत.
रेल्वेचं ॲप उघडलं. जागा आहेत, हव्या तेवढ्या. बाबांना सांगितलं, सगळं वेटिंग आहे, जूनअखेरपर्यंत.
बाबा अगदी शांतपणे, "मोबाइल त्या कॅमेऱ्याखाली ठेव. मी ऐकतो."
म्हटलं, बॅटरी संपलीय.
चाचपडत आतल्या खोलीत गेले आणि चार्जर घेऊन आले.
मोबाइल चार्जिंगला लावलाय. बाबा जाळीजवळ खुर्ची ओढून बसलेत.